अपडेटनंतर संगणकावर डीव्हीडी चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टिम अपडेट झाली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि काल लागलेली डिस्क आज लागेना, अशा वेळी मनात येणारे बहुतेक प्रश्न इथे घेतले आहेत. पहिलं उत्तर सगळ्यांनी वाचावं. त्यानंतर आपल्याला लागू असलेला प्रश्न गाठला तरी चालेल.

अपडेटने माझा डीव्हीडी ड्राइव्ह बिघडवला का?

बहुधा नाही. अपडेट सॉफ्टवेअर बदलते. ड्राइव्हमधली मोटर, लेन्स आणि लेसर यांना ती हात लावत नाही. डिस्क घातल्यापासून चित्र दिसेपर्यंत मात्र बरंच काही घडत असतं. विंडोजला किंवा तुमच्या सिस्टिमला ड्राइव्ह दिसावा लागतो, ड्राइव्हला डिस्क वाचता यावी लागते, डिस्कवरचं नक्कल रोखणारं कुलूप उघडावं लागतं, दाबून बसवलेलं चित्र आणि आवाज उलगडावे लागतात, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड व स्पीकरने आपापलं काम करावं लागतं. यातला एकच दुवा तुटलेला असतो. तो कुठला हे कळण्याआधी ड्रायव्हर (यंत्र आणि सिस्टिम यांना जोडणारा प्रोग्राम) काढणं, कोडेक (चित्र-आवाज दाबणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर) टाकणं, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) उघडणं हे सगळं अंधारात चाचपडणं आहे.

तपासणी सोपी आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर गडबड ड्रायव्हरची किंवा जोडणीची आहे. दिसत असेल तर नुसत्या फाइली असलेली एखादी डिस्क घाला, म्हणजे फोटोंची किंवा जुन्या बॅकअपची. तीही उघडत नसेल तर ड्राइव्हच्या वाचण्यात अडचण आहे. ती उघडते, सिनेमाच्या डिस्कवरचं व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डरही दिसतं, पण सिनेमा मात्र लागत नाही, असं असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. प्लेअर, डिकोडर (दाबलेलं चित्र-आवाज उलगडणारा भाग) किंवा रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे तो आकडा) यांपैकी काहीतरी अडलं आहे. अपडेटनंतर येणाऱ्या तक्रारी बहुतांश याच तिसऱ्या प्रकारच्या असतात.

विंडोजचा स्वतःचा मीडिया प्लेअर आधी डीव्हीडी लावायचा. आता का लावत नाही?

कारण ती सोय काढून टाकली आहे. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं असतं आणि आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो. हे दोन्ही उलगडणाऱ्या डिकोडरसाठी परवाना शुल्क भरावं लागत असे. विंडोज ७ च्या होम प्रीमियम, प्रोफेशनल आणि अल्टिमेट आवृत्त्यांत हे डिकोडर होते. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी वगळली आणि मीडिया सेंटर (टीव्ही, सिनेमे बघण्याचा विंडोजचा प्रोग्राम) हवं असणाऱ्यांसाठी वेगळा पॅक ठेवला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मीडिया सेंटरही गेलं. त्या जागी स्टोअरमध्ये विंडोज डीव्हीडी प्लेअर नावाचं अॅप आलं. जुन्या ठरावीक आवृत्त्यांवरून अपग्रेड करणाऱ्यांना ते मोफत मिळालं, बाकीच्यांना विकत घ्यावं लागलं.

त्यामुळे जुन्या विंडोजवरून थेट १० किंवा ११ वर आलेल्या संगणकावर डीव्हीडी न लागणं हा बिघाड नाहीच. विंडोज ११ मधल्या नव्या मीडिया प्लेअरमध्येही ऑडिओ सीडी लागते, सिनेमाची डीव्हीडी लागत नाही. एमपेग-२ चे अमेरिकेतले शेवटचे पेटंट २०१८ मध्ये संपले, तरी सोय परत आली नाही. लॅपटॉपमधून ड्राइव्हच गायब होत चालले होते, तेव्हा कोण कशाला आणेल?

मग कोणता प्लेअर वापरू?

व्हीएलसी. मोफत आहे, डिकोडर स्वतःसोबत घेऊन येतो आणि विंडोजमध्ये काय आहे-नाही यावर फारसा अवलंबून राहत नाही. म्हणूनच अपडेट कितीही आल्या तरी तो सहसा टिकतो. व्हिडिओलॅन या संस्थेच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. त्याच्या नावाने जाहिराती चिकटवलेल्या नकली प्रती वाटणाऱ्या साइट्स कमी नाहीत.

डिस्क घाला, मीडिया मेन्यूमध्ये ओपन डिस्क निवडा, डीव्हीडीवर खूण करा आणि डिस्क डिव्हाइसच्या जागी योग्य ड्राइव्हचं अक्षर आहे ना ते बघा. अपडेटनंतर किंवा नवा पेनड्राइव्ह लावल्यावर हे अक्षर बदललेलं असू शकतं. प्लेअर जुन्या अक्षरावर डिस्क शोधत बसतो आणि आपण ड्राइव्हवर चिडतो. डिस्कचा मेन्यू अडकत असेल तर त्याच खिडकीत नो डिस्क मेन्यूज अशी खूण आहे, ती करून बघा. सिनेमा थेट सुरू होतो.

व्हीएलसी आधीपासून होता आणि अपडेटनंतरच रुसला असेल तर तो पूर्ण काढा, काढताना सेटिंग्ज पुसण्याचा पर्याय आला तर तोही निवडा, आणि नवी आवृत्ती टाका.

एखादा मोठा कोडेक पॅक टाकला तर प्रश्न सुटेल?

नको. नुसत्या डिकोडरने विंडोजचा मीडिया प्लेअर कुलूपबंद डीव्हीडी लावू लागेल याची खात्री नाही, आणि पॅकमधले पंधरा-वीस डिकोडर एकमेकांच्या पायात पाय घालतात ते वेगळंच. आज डीव्हीडीसाठी टाकलेला पॅक उद्या दुसऱ्याच व्हिडिओचा आवाज घालवतो. आधीच टाकला असेल तर काढून टाका आणि संगणक रीस्टार्ट करा.

दिस पीसीमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच दिसत नाही. काय करू?

आधी संगणक रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवला जातो, म्हणून इथे रीस्टार्टच हवा.

तरीही दिसत नसेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज या नोंदीखाली तुमचा ड्राइव्ह पिवळ्या खुणेसह असेल तर त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज त्याचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसवते. हा ड्रायव्हर विंडोजचा स्वतःचाच असतो, इंटरनेटवर शोधत फिरायची गरज नाही. 'डीव्हीडी ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जी काही सॉफ्टवेअर दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसत असेल तर संशय रजिस्ट्रीतल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदींवर घ्यावा. डिस्क लिहिणारी सॉफ्टवेअर ड्राइव्ह आणि विंडोज यांच्यामध्ये स्वतःचा छोटा ड्रायव्हर बसवतात. आयट्यून्सही सीडी लिहिण्यासाठी असा फिल्टर टाकत असे. सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली की तो जुना फिल्टर चालत नाही, पण नोंद तशीच राहते, आणि सिस्टिम प्रत्येक वेळी त्या नसलेल्या दरवानाची परवानगी मागत दारातच थांबते.

या नोंदी काढण्याआधी रीस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर परत जाता येईल अशी सिस्टिमची नोंद, बनवा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि क्लास असं उतरत जा. तिथे महिरपी कंसातल्या लांबलचक नावांची फोल्डर्स दिसतील. आपल्याला हवं ते ४डी३६ई९६५ ने सुरू होतं. ते निवडल्यावर उजवीकडे क्लास या नोंदीसमोर सीडीरॉम लिहिलेलं दिसलंच पाहिजे. ते दिसलं तरच पुढे जा. शेजारची नावं एका अक्षराच्या फरकाची आहेत: ४डी३६ई९६७ ने सुरू होणारं हार्ड डिस्कचं आहे, ४डी३६ई९६बी ने सुरू होणारं कीबोर्डचं. तिथलं अपरफिल्टर्स पुसलं तर पहिल्या चुकीत विंडोज सुरूच होणार नाही आणि दुसऱ्यात कीबोर्ड मरेल. योग्य फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्टने त्याची प्रत ठेवा, मग उजवीकडचं अपरफिल्टर्स आणि असलं तर लोअरफिल्टर्स काढा आणि रीस्टार्ट करा. डिस्क लिहिण्याचं जे सॉफ्टवेअर यामुळे बंद पडेल त्याची नवी आवृत्ती टाकावी लागेल.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हची नोंदच नसेल तर संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बघा. तिथेही तो दिसत नसेल तर अपडेट निर्दोष आहे. केबल सैल झाली आहे किंवा ड्राइव्हने राम म्हटला आहे.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आहे. कधी दिसतो, कधी नाही. डिस्क फिरायला लागते आणि थांबते.

वीज कमी पडते आहे. यूएसबी २ चा पोर्ट ठरलेल्या नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्ह क्षणभर याहून जास्त मागू शकतो. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) काढा आणि ड्राइव्ह थेट संगणकाला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. दोन तोंडांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं शोभेसाठी दिलेलं नाही. अपडेटने पॉवर प्लॅन मूळ स्थितीला नेला असेल तर अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये जाऊन वीज वाचवायला यूएसबी उपकरणांना झोपवणारं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा.

'रीजन चुकीचा आहे' असा संदेश येतो. बदलू का?

थांबा, घाई करू नका. सिनेमांच्या डीव्हीडीसाठी जग सहा भागांत वाटलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारतीय उपखंड, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५, चीन ६. सन २००० पासून आलेले संगणकाचे ड्राइव्ह हा आकडा स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवतात आणि तो फक्त पाच वेळा बदलू देतात. पाचव्यांदा निवडलेला आकडा कायमचा बसतो. विंडोज नव्याने टाकून, दुसऱ्या संगणकाला ड्राइव्ह जोडून, कशानेही तो मोजणारा काटा मागे जात नाही.

म्हणजे अपडेटने रीजन बदलला असं सहसा होत नाही. होतं असं की जुना प्लेअर रीजनकडे कानाडोळा करत होता आणि अपडेटनंतर टाकलेला नवा प्लेअर नियमाने वागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डीव्हीडी रीजन नावाचा टॅब आहे. तिथे सध्याचा आकडा आणि किती बदल उरलेत ते वाचा, बदलू नका. आधी तीच डिस्क व्हीएलसीमध्ये लावून बघा. अनेक ड्राइव्हवर ती रीजन न बदलताही लागते, सगळ्यांवर नाही. वेगवेगळ्या रीजनच्या डिस्क नेहमीच बघत असाल तर दुसरा साधा ड्राइव्ह घेऊन त्याला वेगळा रीजन देणं हा शहाणा मार्ग.

चित्र हिरवं येतं, चौकोन पडतात किंवा आवाज येतो पण पडदा काळा राहतो.

अपडेटसोबत ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आला आहे आणि प्लेअर चित्र उलगडण्याचं काम त्याच्यावर सोपवतो आहे. व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे हार्डवेअर अॅक्सेलरेटेड डिकोडिंग बंद करा. डीव्हीडीचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ बिंदूंचं, ते उलगडायला कुठल्याही आजच्या प्रोसेसरला घाम फुटत नाही. याने चित्र सुधारलं तर दोषी कोण ते कळलं. मग ग्राफिक्स कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक ड्रायव्हर करा.

हलत्या वस्तूंच्या कडांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर तो बिघाड नाही. चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं आहे. व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस चालू करा.

चित्र येतं, आवाज येत नाही.

टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून आवाज कुठे जातो आहे ते बघा. अपडेटनंतर तो एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे वळलेला सापडतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. बाकी सगळे आवाज येत असतील आणि डीव्हीडीचाच येत नसेल तर प्लेअरच्या ऑडिओ मेन्यूत दुसरा ट्रॅक निवडा. एस/पीडीआयएफ पासथ्रू चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना प्लेअर डॉल्बीचा आवाज न उलगडताच पुढे ढकलतो, आणि साध्या स्पीकरला त्यातलं काही समजत नाही.

माझी विंडोज 'एन' आवृत्ती आहे.

तिच्यात मीडियाचे भाग मुळातच नसतात. ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक टाका, आणि मोठ्या अपडेटनंतर तो जागेवर आहे का ते पुन्हा बघा. डीव्हीडीसाठी मात्र त्यानंतरही व्हीएलसी लागेलच.

मॅकवर अपडेटनंतर डीव्हीडी प्लेअर गायब झाला.

गायब नाही, हलवला आहे. मॅकओएस मोहावे, म्हणजे २०१८ पासून तो अॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये दिसत नाही, सिस्टिमच्या आत कोअर सर्व्हिसेसमधल्या अॅप्लिकेशन्समध्ये असतो. स्पॉटलाइटमध्ये नाव टाकलं की सापडतो, डिस्क घातली की स्वतःही उघडतो. उघडत नसेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये सीडी आणि डीव्हीडींसाठीचा पर्याय बघा. अॅपलचा सुपरड्राइव्ह हबला लावू नका, थेट मॅकला किंवा यूएसबी-सीच्या साध्या अडॅप्टरला लावा. २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटची जुनी अॅप्स बंद झाली, तेव्हा जुना आवडता प्लेअर त्यात गेला असेल तर त्याची ६४ बिटची आवृत्ती शोधा.

लिनक्सची आवृत्ती बदलली आणि फक्त विकत घेतलेल्या डीव्हीडी बंद पडल्या. घरी लिहिलेल्या चालतात.

निदान तुम्हीच केलंत. विकतच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, अवघ्या ४० बिटच्या किल्लीचं. ते १९९९ मध्येच फुटलं, पण उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी बहुतेक वितरणं (लिनक्सचे उबंटू, फेडोरासारखे संच) कायद्याच्या कारणाने सोबत देत नाहीत. काही देशांत असं कुलूप स्वतःच्या डिस्कवरही उघडणं बेकायदा आहे, हे लक्षात असू द्या.

उबंटूत आवृत्ती बदलताना बाहेरच्या सगळ्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरवलं जातं ते साठे) बंद केल्या जातात. उबंटूचाच मल्टिव्हर्स नावाचा साठा चालू करून लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाका. नुसतं टाकून भागत नाही. त्यानंतर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा त्याच पॅकेजवर सुडोने चालवली की ते मूळ कोड उतरवून लायब्ररी तयार करतं. ही दुसरी पायरी राहून जाते आणि लोक व्हीएलसीला बोल लावतात. फेडोरात ही लायब्ररी आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपॉझिटरीच्या टेंटेड विभागात मिळते.

घरच्या डिस्कही लागत नसतील तर तुमचं खातं सीडीरॉम गटात आहे का ते बघा. व्हीएलसी स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजांतून टाकला असेल तर त्याला ड्राइव्ह वापरायची मुभा आहे का तेही तपासा. वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजमधून टाकलेला व्हीएलसी इथे कमी त्रास देतो.

ब्लू-रेसाठीही हेच उपाय चालतील?

नाही. ब्लू-रेचं कुलूप एएसीएस नावाचं आहे आणि ते वेळोवेळी बदलतं. नव्या डिस्क जुन्या प्लेअरच्या किल्ल्या रद्द करू शकतात. म्हणून पैसे देऊन घेतलेला ब्लू-रे प्लेअर आधी स्वतः अपडेट करा, मग बाकीचं. व्हीएलसीसोबत या किल्ल्या येत नाहीत. मॉनिटर आणि केबल एचडीसीपी (केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारी पद्धत) पाळणारे हवेत. अपडेटनंतर दुसरा पडदा जोडलेला असेल तर तो काढून बघा.

फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रेची कथा आणखी वाईट. संगणकावर ती अधिकृतपणे लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलने ११व्या पिढीपासून डेस्कटॉपच्या कोअर प्रोसेसरमधून ती काढून टाकली. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती कधी नव्हतीच. जुन्या, चालू असलेल्या संगणकावरही बायोस किंवा एसजीएक्सचा ड्रायव्हर बदलल्यावर सिनेमा बंद पडू शकतो. असा संगणक हाताशी असेल आणि तो नीट चालत असेल तर बायोस अपडेटचं बटण दाबण्याआधी दोनदा विचार करा.

प्रत्येक वेळी सिनेमा मध्यावरच अडकतो.

अपडेटशी संबंध नाही. ८.५ जीबीची डिस्क दोन थरांची असते आणि साधारण मध्यावर लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जातो. एकच डिस्क अडकत असेल तर ती पुसा. मऊ, न धागे सुटणाऱ्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. सगळ्याच दोन थरांच्या डिस्क तिथे अडकत असतील तर लेन्स धुळीने माखली आहे किंवा लेसर थकला आहे.

कॅमेऱ्यावर किंवा टीव्हीच्या रेकॉर्डरवर भरलेली डिस्क रिकामी दिसते.

ज्या यंत्रावर भरली त्यावर ती फायनलाइझ केली नसावी, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण केली नसावी. ते यंत्र असेल तर तिथेच फायनलाइझ करा. डिस्कवर डीव्हीडी-आरटीएव्ही नावाचं फोल्डर असेल तर ती वेगळ्या पद्धतीची आहे. त्यातली व्हीआरओ फाइल कॉपी करून व्हीएलसीत थेट उघडा. जुन्या व्हिडिओ सीडीत एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइलही अशीच उघडता येते.

अपडेटच काढून टाकली तर?

शेवटचा पर्याय, आणि तोही फक्त ड्राइव्ह किंवा ग्राफिक्सची गडबड खरोखर अपडेटमुळे आहे असं दिसल्यावर. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत गो बॅकचा पर्याय साधारण १० दिवस असतो, नंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. सुरक्षेच्या अपडेट मात्र सिनेमासाठी काढू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा डीव्हीडी लागावी म्हणून तिथे परतण्यात अर्थ नाही.

हे दर अपडेटला करायचं नाही. कायमचा मार्ग आहे का?

स्वतः चित्रित केलेल्या, कुलूप नसलेल्या डिस्कची आयएसओ प्रत (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) करून हार्ड डिस्कवर ठेवा. विंडोज ८ पासून आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, मॅक आणि लिनक्सवरही उघडते, व्हीएलसी तर तिला थेट लावतो. एका थराच्या डिस्कला ४.७ जीबी जागा धरा. ओरखडे पडलेली डिस्क मध्येच वाचायची थांबत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते न वाचता आलेला भाग सोडून पुढे जातं आणि नंतर तिथे पुन्हा पुन्हा परत येतं. त्याची नोंद फाइल जपून ठेवलीत तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेले तुकडे भरून काढता येतात.